इन्क्लूजन, इक्विटी, प्रिव्हिलेज... गोडाऊनच्या लोकांना हे मराठीत सांगायचं कसं?

भांडुपवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी अंधेरीला एका कंपनीत ॲडमिन-एचआर बघते, कंपनीचं नाव विचारू नका. मागच्या महिन्यात आमच्याकडे दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, डायव्हर्सिटी इक्विटी इन्क्लूजन, सगळे डीईआय डीईआय करतात ते. शिकवायला आलेल्या बाई छान होत्या, इंग्लिश एकदम फर्डं, पण खरं सांगू का, निम्मा वेळ मी नुसती मान डोलवत होते. प्रिव्हिलेज, मायक्रोअग्रेशन, इंटरसेक्शनॅलिटी, टोकनिझम, एकेक शब्द असा यायचा आणि मी वहीत देवनागरीत लिहून घेत होते, घरी जाऊन बघू म्हणून. मी मराठी मीडियमची, म्युनिसिपालिटीच्या शाळेतली, लाज नाही पण दडपण येतं ना.

आता गंमत अशी की आमचं भिवंडीला गोडाऊन आहे, तिथे लोडर, पॅकिंगच्या बायका, सिक्युरिटी, सफाईवाले धरून बरीच माणसं, आणि साहेबांनी ठरवलं की तिथे पण पोस्टर लावायचं, "मराठीत करा, तळागाळात पोचलं पाहिजे", आणि मेघाचं मराठी चांगलं म्हणून काम माझ्या गळ्यात. मी आधी आपलं मोबाईलवर टाकून बघितलं तर "विविधता, समता आणि समावेशन, आपली बांधिलकी" असं आलं. तेच छापून एक नमुना तिकडे लावला. दुसऱ्या दिवशी एक लोडर दादा फार गंभीरपणे मला विचारतात, "मॅडम, हा कुठला नवीन पक्ष काढलाय साहेबांनी?" मी हसले पण नंतर वाटलं की बरोबरच आहे त्यांचं.

शिवाय ट्रेनिंगमधल्या बाईंनी ते वाक्य सांगितलं होतं, डायव्हर्सिटी म्हणजे पार्टीला बोलावणं आणि इन्क्लूजन म्हणजे नाचायला उठवणं. आता हे मी कुणाला सांगू? पॅकिंगच्या बायका दोन बस बदलून येतात, त्यांना मी नाचायला उठवू?

तर प्रश्न असा की या शब्दांना आपल्याकडे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत का? की इंग्लिशच ठेवू देवनागरीत? आणि दुसरं, कुठला शब्द कुणाला लागेल याची भीती वाटते. अपंग म्हणू की दिव्यांग, तृतीयपंथी चालतं का, दलित लिहायचं की नाही, ट्रेनिंगमध्ये तर जात हा शब्द दोन दिवसांत एकदाही आला नाही त्यामुळे तिथून काही कळलं नाही.

आमचं वातावरण तसं चांगलं आहे हो, कोणी कुणाला काही बोलत नाही. वाढदिवसाचा केक सगळ्यांना जातो, अगदी बाथरूम साफ करणाऱ्या मावशींना पण त्यांच्या त्या वेगळ्या कपातून चहा आणि केक नेऊन देतात. म्हणजे मुद्दाम त्रास देणारं कोणी नाही, फक्त भाषेचा घोळ आहे. मदत करा.

बीडीडी_चाळ_तिसरा_मजला

मेघाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि शेवटच्या परिच्छेदावर थांबलो. त्या कपावर नंतर येतो.

शब्द आहेत का म्हणून विचारलंत. अहो आहेत म्हणजे काय, ढिगाने आहेत, आणि त्यातले बरेचसे या आपल्या मुंबईतच घडलेत. मी वरळीत वाढलो, आमच्याकडे समता हा शब्द पोराला आई-बाबाच्या पाठोपाठ कळायचा. तुमचा लोडर पक्ष म्हणाला त्यात त्याची चूक नाही, समता हा शब्द त्याने भिंतीवर, झेंड्यावर, जयंतीच्या मंडपातच बघितलेला असणार. चूक शब्दाची पण नाही. तो शब्द कंपनीच्या पोस्टरवर एकटाच येऊन उभा राहिला, मागेपुढे एकही क्रियापद नाही, म्हणून तो पक्षासारखा दिसला.

आता इन्क्लूजन. याचं मराठी शोधायचं तर आधी त्याचा उलटा शब्द शोधा. आपल्याकडे उलटा शब्द जुना आणि चांगलाच धारदार आहे, बहिष्कृत. बाबासाहेबांनी १९२४ साली इथेच मुंबईत जी संस्था काढली तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ ला पाक्षिक काढलं त्याचं नाव बहिष्कृत भारत. बघा हं, बहिष्कृत या शब्दातच आहे की कोणीतरी बहिष्कार टाकलाय. माणूस आपोआप बाहेर पडलेला नाही, त्याला बाहेर ठेवलंय. समावेशन म्हटलं की ते सगळं गायब होतं, असं वाटतं की घर मोठ्या मनाच्या मालकाचं आहे आणि आता तो पाहुण्यांना आत घेतोय. आणि गावाकडच्या माणसाला तर याहून सोपा शब्द ठाऊक असतो, वाळीत टाकणं. त्याच्यावर महाराष्ट्राने २०१६ साली वेगळा कायदा केलाय, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या पोस्टरवर लिहा की इथे कुणालाही वाळीत टाकायचं नाही, जेवताना नाही, बसताना नाही, चहाला नाही. भिवंडीतल्या शंभरातल्या शंभर मराठी माणसांना कळेल. पक्ष कुठला असं कोणी विचारणार नाही.

दलित लिहायचं की नाही हा वाद मोठा आहे. २०१८ साली केंद्राच्या माहिती प्रसारण खात्याने चॅनलवाल्यांना सांगितलं की दलित शब्द टाळा, अनुसूचित जाती म्हणा, त्याआधी नागपूर खंडपीठात त्यावर प्रकरण चाललं होतं. आता गंमत बघा, सरकारी कागदावर अनुसूचित जाती बरोबरच आहे, तो कायद्याचा शब्द. पण १९७२ साली मुंबईत ज्या पोरांनी दलित पँथर काढली त्यांनी तो शब्द छाती पुढे काढून घेतला होता, कोणी दिला नव्हता. माझी मुलगी स्वतःला बौद्ध म्हणते, मी दोन्ही म्हणतो, माझ्या वडिलांना दलित आवडायचं नाही. एका घरात तीन मतं. हरिजन मात्र कुणालाच नको. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात काँग्रेस सरकारच्या एका विधेयकात हरिजन शब्द घातला होता, भाऊराव गायकवाड म्हणजे आपले दादासाहेब, त्यांनी हरकत घेतली की ज्यांना हे नाव देताय त्यांनाच ते नकोय, सरकारने ऐकलं नाही, बाबासाहेब आणि त्यांचे सदस्य उठून बाहेर गेले. नाव तुम्ही प्रेमाने ठेवलंत की तिरस्काराने हा मुद्दाच नव्हता, ठेवणारे तुम्ही कोण हा मुद्दा होता.

आणि आता तो कप. मेघाताई, राग मानू नका, तुम्ही भल्या मनाने लिहिलंय हे दिसतंय. पण संडास साफ करणाऱ्या बाईला चहा वेगळ्या कपात का? बाकी सगळ्यांचे कप पॅन्ट्रीत एका ट्रेमध्ये धुऊन ठेवतात ना? मग हा कुठे ठेवलेला असतो, खिडकीत? सिंकच्या खाली? माझी आजी सांगायची गावच्या हॉटेलाबाहेर नारळाच्या करवंट्या टांगलेल्या असायच्या. तुमचा चिनीमातीचा आहे एवढाच फरक. दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये जात हा शब्द आला नाही म्हणता, तो पॅन्ट्रीत होता की.

चौथी_सीट_विरार

पार्टी आणि नाचणं हाहाहा. आपल्याला पार्टी कशाला पाहिजे, लोकल आहे ना

गाडीत सगळे चढले, गुजराती मारवाडी आगरी भैया ख्रिश्चन मुसलमान, झाली डायव्हर्सिटी. तीन जण बसलेत आणि चौथा येऊन उभा राहिला, कोणी मोबाईलमधून डोकं वर न काढता नुसतं बूड सरकवलं आणि चौथी सीट झाली, ते इन्क्लूजन. अर्धं बूड बाहेर लटकतंय पण बोरिवलीपर्यंत सोय झाली. आणि इक्विटी म्हणजे पोटुशी बाई आली तर विंडोवाला उठतो

आणि प्रिव्हिलेज म्हणजे चर्चगेटला रिकाम्या गाडीत चढून विंडो मिळालेला माणूस जो दादरला चढणाऱ्यांना सांगतो की लवकर यायचं ना घरातून

शिस्तप्रिय_काका

चौथ्या सीटवाल्याला दाद. बाकी मला हे सगळं थोतांड वाटतं, स्पष्ट बोलतो. अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, आणि तिथल्या नव्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सरकारी खात्यांतून हे गुंडाळलं सुद्धा, आपण मात्र अजून त्यांचे टाकलेले कपडे घालतोय. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, आमच्याकडे सगळ्या जातीचे लोक होते, एकत्र डबे खायचो, कोणाला मायक्रो की मॅक्रो काही झालं नाही. लोकांना कामाला लावा, पगार वेळेवर द्या. शब्द बदलून काय होतं?

बीडीडी_चाळ_तिसरा_मजला

काका, पगार वेळेवर हे शंभर टक्के मान्य, मेघाताई ती ओळ पोस्टरवर सगळ्यात वर घाला. पण अमेरिकेतून आलं हे नाही पटत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला निम्म्या जागा राखीव ठेवल्या तेव्हा अमेरिकेत दक्षिणेकडे काळ्या माणसाला रेल्वेत बसायला वेगळा डबा होता. इंग्लिश शब्द तिकडचे आहेत, काम आपल्याकडे आधीपासून चालू आहे.

आणि तुमच्या बँकेत एकत्र डबे खायचात ते खरं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण एकत्र डबे खायला लागलात याच्या आधी त्या सगळ्या जातीचे लोक बँकेत पोचले कसे हे पण आठवा. आणि जमलं तर त्यातल्या एखाद्याला आता निवृत्तीनंतर फोन करून विचारा की बाबा रे तुला काही झालं होतं का. पस्तीस वर्षं शेजारी बसून विचारलं नसेल तर.

शिस्तप्रिय_काका

विचारतो. एक जण दर रविवारी भेटतो कट्ट्यावर.

कुबडी_एक्सप्रेस

अपंग की दिव्यांग, यावर मला बोलू द्या, डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलाय, रोज कल्याण ते सीएसएमटी.

डिसेंबर २०१५ ला मन की बातमध्ये पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला आणि मग खात्याच्या नावापासून सर्टिफिकेटपर्यंत सगळीकडे तो आला. त्यामुळे सरकारी कामात दिव्यांगच लिहायला लागतं, फॉर्मवर दुसरं लिहिलं तर क्लार्क परत पाठवेल. माझे काही मित्र खूश आहेत, म्हणतात लंगड्या ऐकून कान किटले होते, निदान हा शब्द ऐकताना कोणी हसत नाही. मला स्वतःला तो अंगात नीट बसत नाही, माझ्या पायात दिव्य काही नाही, दिव्य असेल तर ते ठाकुर्लीच्या पुढे गर्दीत उभं राहणं आहे. मी स्वतःला अपंग म्हणतो. ही माझी निवड, तुम्ही पोस्टरवर दिव्यांग लिहिलंत तरी मी भांडणार नाही. लंगडा, आंधळा, येडा, मंद हे मात्र हाक मारायला नको, आणि "बिचारा" तर त्याहून नको. दुसरं एक, मूकबधिर लिहू नका, कर्णबधिर लिहा. ऐकू येत नाही म्हणजे मुका असं नसतं, त्यांची हातांची भाषा आहे आणि ते आपल्यापेक्षा जास्त बडबडतात, डब्यात बघतो ना मी, चार जण जमले की कल्याण येईपर्यंत थांबत नाहीत.

आणि डब्याला तर अख्खी मुंबई हँडीकॅपचा डबा म्हणते, बाहेर पाटी काही का असेना. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं कशाचं, तर पाटी बदलली आणि धडधाकट माणसं आधीसारखीच आत बसलेली असतात. विचारलं तर पाठ दुखते म्हणतात.

आता इक्विटीचं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात थॅलेसेमिया आहे, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले आहेत, मानसिक आजार आहे. म्हणजे तुमच्या गोडाऊनमध्ये बघून कळणार नाही असे पण लोक असतील. त्याच कायद्यात एक कल्पना आहे की माणसाला काम करता यावं म्हणून झेपेल तेवढा बदल मालकाने करून द्यायचा. सरकारी मराठीत ते फार जड होतं. तुम्ही सरळ लिहा, "काम करताना उभं राहायला, जिना चढायला, ऐकायला, दिसायला अडचण येत असेल तर सांगा, सोय करून देऊ. सांगितलं म्हणून काम जाणार नाही." शेवटचं वाक्य विसरू नका. लोक त्याच्याच भीतीने गप्प बसतात. मी पहिल्या नोकरीत सहा महिने पॅकिंगला उभ्याने काम केलं, एक स्टूल मागायची छाती झाली नाही.

आणि ताई, ते पोस्टर कुठल्या मजल्यावर लावताय? लिफ्ट आहे का तिथे?

सावली_कल्याण

तृतीयपंथी चालतं का म्हणून विचारलंय तर मीच उत्तर देते, मी पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, बाई आहे.

तृतीयपंथी हा शब्द पेपरात, सरकारी मंडळाच्या नावात सगळीकडे आहे, माझ्या ओळखीतल्या गुरूंना पण तो चालतो. हिजडा हे आमच्या घराण्यांचं आपलं नाव आहे, आम्ही आपसात वापरतो, तुम्ही सुपरवायझरच्या तोंडून वापरू नका. छक्का, मामू, सिक्सर वगैरे तर विचारायलाच नको. माझ्यासारख्या ज्या घराण्यात नाहीत, ऑफिसात काम करतात, त्या पारलिंगी म्हणतात किंवा नुसतं ट्रान्स. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपलं लिंग काय ते ज्याचं त्याने ठरवायचं, तेव्हापासून फॉर्मवर तिसरा रकाना आला, पण तिथे काय लिहिलेलं असतं माहितीय, "इतर". स्त्री, पुरुष, इतर. रेशनच्या यादीत शेवटी लिहितात ना, इतर सामान, तसं वाटतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला प्रोनाऊन, म्हणजे सर्वनामं, सांगितले असतील, इंग्लिशमधले ही, शी, दे. ते मराठीत करायला जाऊ नका, फसाल. इंग्लिशमध्ये "दे" म्हटलं की काम झालं. मराठीत "ते" म्हटलं तर एक तर आदरार्थी पुरुष होतो, "ते आले", नाहीतर नपुंसकलिंगी, "ते मूल, ते कुत्रं". म्हणजे आदर द्यायला गेलात आणि कुत्र्याच्या रांगेत बसवलंत. वर इंग्लिशमध्ये स्वतःबद्दल बोलताना लिंग लागत नाही, आपल्याकडे "मी गेलो" की "मी गेले" हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्यांदा आईसमोर "मी जेवले" म्हणाले. तिने पोळी लाटायची थांबवली नाही पण ऐकलं होतं तिने. माझं सगळं सांगणं त्या एका मात्रेत झालं. इंग्लिशमध्ये मला ते सांगायला अख्खा परिच्छेद लागला असता.

तरी मराठीत पळवाटा खूप आहेत आणि त्या पोस्टरला उपयोगी पडतील. "या, बसा, सांगा" यात लिंग नाही. "मला हवंय, मला जायचंय, मी काम केलं, मी उद्या येईन" यात नाही. त्यामुळे "प्रत्येक कर्मचारी आपले काम करतो" असलं लिहू नका, "आपण सगळ्यांनी काम केलं" लिहा, झालं. आणि कोल्हापूरकडच्या बायका बिनधास्त "मी जातो, मी आलो" म्हणतात, त्यांना कोणी विचारत नाही तुझे प्रोनाऊन काय, हा हा.

कोणाला तो म्हणायचं की ती हे कळत नसेल तर एकदा बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर नको. आणि कुठलं टॉयलेट वापरायचं हे पण आधीच सांगून ठेवा, कारण नोकरी लागल्यावर पहिला प्रश्न आम्हाला तोच असतो, पहिल्या नोकरीत मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही.

शब्दांची_हमाली

मी भाषांतराचंच काम करते, एनजीओंचे रिपोर्ट वगैरे, त्यामुळे हे शब्द रोज पाठीवर असतात. बाकीच्यांनी बरंच सांगितलंय, राहिलेल्यांपुरतं बोलते.

प्रिव्हिलेजला विशेषाधिकार लिहितात, मी पण नाइलाजाने लिहिते, पण तो चुकीचा पडतो. विशेषाधिकार म्हटलं की आमदाराचा हक्कभंग आठवतो. मी बोलताना "आयती सोय" म्हणते, आपण मागितली नाही, मिळालीय हे पण कळलं नाही अशी. उदाहरण मुंबईकराला द्यायची गरज नाही, भाड्याने घर बघायला जा. ब्रोकर फोनवर नाव विचारतो, तुम्ही नुसतं नाव सांगितलं की म्हणतो पूर्ण नाव सांगा. आडनाव ऐकून ज्याला लगेच पत्ता मिळतो त्याला वाटतं घर शोधणं सोपं आहे. ज्याला "मॅडम सोसायटीत फक्त व्हेज चालतं" किंवा "ओनरने दुसऱ्याला दिलं आत्ताच" ऐकायला मिळतं त्याला कळतं.

मायक्रोअग्रेशनला लोक टोमणा म्हणतात, पण टोमणा मुद्दाम मारलेला असतो. इथे बोलणाऱ्याला कळत पण नसतं. "तुम्ही त्यातल्या वाटत नाही हो", "मुसलमान असून किती छान मराठी". मी "सहज बोललेलं, लागलेलं" असं लिहिते, दोन शब्दांत बसत नाही, नाही तर नाही. टोकनिझम सोपा, "फोटोपुरतं". महिला दिनाला पॅकिंगच्या बायकांना गुलाब, फोटो, आणि बाथरूमला कडी नाही. तुम्ही विचारलं नाहीत पण इक्विटीचं माझं उदाहरण कायम तेच असतं. मुंबईत २०११ पासून बायकांनी राइट टू पीची मोहीम चालवली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला त्याच ठिकाणी पैसे मोजायचे. दोघांना सारखीच जागा दिली तरी रांग बायकांचीच लांब राहते. सारखं देणं वेगळं आणि पुरेल असं देणं वेगळं. मी इक्विटीला "ज्याला जेवढं लागतं तेवढं" लिहिते. समन्याय हा शब्द आहे, पण तो रिपोर्टात ठेवा.

इंटरसेक्शनॅलिटी पोस्टरवर घालूच नका, पण तुम्हाला स्वतःला कळावं म्हणून सांगते. किंबर्ले क्रेनशॉ नावाच्या अमेरिकन कायदेपंडित बाईंनी १९८९ साली हा शब्द काढला. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्याचं, काळ्या बायकांनी केस टाकली की आम्हाला घेत नव्हते. कोर्ट म्हणालं कंपनीने बायका घेतल्यात की, आणि काळी माणसं पण घेतलीत. पण घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या आणि काळे होते ते पुरुष, या दोन्हीकडून सुटल्या. शब्द १९८९ चा पण हे आपल्याकडे एका शाळकरी मुलीने १८५५ ला लिहून ठेवलंय. मुक्ता साळवे, मांग समाजातली, जोतिबा-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी, तिचा निबंध ज्ञानोदयमध्ये छापून आला. त्यात महार-मांगांवरचे अन्याय लिहिता लिहिता ती बाळंतपणावर येते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर सुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात काय हाल होत असतील. ब्राह्मण बाईचं दुःख वेगळं, मांग पुरुषाचं वेगळं, मांग बाईचं दोन्हीत न मावणारं. मी क्लासमध्ये हेच सांगते, मग शब्दाची भीती जाते.

आणि कोण शब्द ठेवतं यावरून आठवलं, २०२३ ला आपल्याकडे विधवांना गंगा भागीरथी म्हणावं असा प्रस्ताव महिला बालविकास मंत्र्यांकडून आला होता, केवढा गदारोळ झाला. एकल महिला हा शब्द संघटनांमधल्या बायका आधीपासून वापरत होत्या, त्यांना विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिळाला असता.

ताई, तुम्ही गोडाऊनमधल्या बायकांना विचारलंत का अजून?

भांडुपवाली

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. चार दिवस गप्प होते त्याचं कारण तो कप.

दादा, तुमचं वाचलं आणि पहिले तर खूप राग आला, मी म्हटलं मी मदत मागितली आणि हे कुठे घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत जाऊन बघितलं. कप सिंकच्या खालच्या कपाटात होता, फिनाईलच्या बाटलीशेजारी. पॅन्ट्रीतल्या पोराला विचारलं तर म्हणाला मी आलो तेव्हापासून तिथेच आहे, मॅडम, मला असंच शिकवलं. कोणी शिकवलं त्यालाही आठवत नाही. मी तीन वर्षं तिथे चहा पितेय. मी मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या "असू दे गं, मला सवय आहे", आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या कपाचा कान तुटलाय तेवढा बदलून दे." मला रडायला आलं तिथेच. तो कप मी टाकला, आता त्यांचा चहा ट्रेमधल्या कपातून जातो. पहिल्या दिवशी दोन जणांनी घरून आपापले मग आणले. कोणी काही बोललं नाही, फक्त मग आणले.

भिवंडीला पण गेले, बायकांना विचारलं की पोस्टरवर काय हवं. पहिलं उत्तर, पोस्टर नको कडी लावा. ते शब्दांची_हमाली ताईंना कसं कळलं देव जाणे. कडी लागली. पोस्टर तळमजल्यावर जेवायच्या जागेत लागणार, कुबडीदादा, लिफ्ट आहे पण मालाची आहे, माणसांना मनाई लिहिलंय, ते विचारलंय साहेबांना.

मजकूर आता असा झालाय: पगार सात तारखेला. इथे कुणालाही वाळीत टाकायचं नाही, जेवताना नाही, बसताना नाही, चहाला नाही. अडचण असेल तर सांगा, सोय करून देऊ, सांगितलं म्हणून काम जाणार नाही. ज्याला ज्या नावाने हाक आवडते त्याच नावाने मारा. कोणी लागेल असं बोललं तर या नंबरवर फोन करा.

साहेबांकडून काल परत आलंय. "वाळीत" निगेटिव्ह वाटतं म्हणून त्यावर लाल रेघ, आणि बाजूला पेन्सिलने "आपुलकीचे वातावरण?" असं लिहिलंय. पगाराची तारीख पण काढायला सांगितलीय. मी दोन्ही तसंच ठेवून पुन्हा पाठवलंय, सोबत लोडरदादांची पक्षाची गोष्ट लिहून. शुक्रवारी प्रिंटला जायचंय. सावली, "ज्याला ज्या नावाने" यात पण लिंग आलं ना गं, "ज्याला" बाईला चालतं की नाही मला कन्फ्यूजन झालंय.

सावली_कल्याण

नाही गं, बाईला "जिला" होतं, "ज्याला" नाही. "ज्यांना" कर, त्यात सगळे सारखे. पण "मारा" काढ, "हाक मारा" ठीक आहे पण तू हाक वर ठेवलीस आणि मारा खाली एकटाच राहिलाय, गोडाऊनमध्ये कोणी तेवढंच वाचेल.